साडेपाच मीटरपैकी सव्वादोन

तारीख अकरा फेब्रुवारी. रक्कम एकशे वीस रुपये, रोख. हजर: मी, आमची नेहमीची बोहारीण मंजूबेन आणि गॅसवर दूध ठेवून मधूनमधून दाराशी येणारी माझी बायको संगीता. स्थळ: नाहूरच्या आमच्या इमारतीचा तिसरा मजला, जिन्याच्या वरच्या पायरीजवळ. माल: एक साडी. पोपटी अंग, मरून काठ, पदरावर तीन मरून कोयऱ्या. रेशमासारखी दिसणारी, पण रेशीम नसलेली. घडी मोडलेली नाही.

"शेठ, एकदम कोरी हाय," मंजूबेन म्हणाली. "दुकानाचा वास पन गेला नाय."

साडी कोणाकडून आली, हे मी विचारलं नाही. ते मी कधीच विचारत नाही. बोहारणीने कुणाच्या घरातून काय उचललं हे तिला माहीत असतं, आणि त्या घराला वाटत असतं की कुणालाच माहीत नाही. या समजुतीवर तिचा धंदा उभा आहे आणि तिच्या धंद्यावर माझा.

माझा धंदा म्हणजे जुन्या किंवा साध्या कपड्यांचं दुसरं काहीतरी करणं. मी शिंपी नाही. कोट शिवता येत नाही, कॉलर तर मला आजही घाबरवते. सरळ टीप, धावदोरा, काठ लावणं, खिसा लावणं, बाही कापणं, एवढ्यावर माझं चाललंय. त्याआधी सव्वीस वर्षं विक्रोळीच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. कारखाना बंद झाला तेव्हा हातात थोडे पैसे आले आणि घरात कंपनीचे अकरा निळसर-राखाडी शर्ट उरले. कापड एक नंबर, पण ते घालून जायला जागा राहिली नव्हती. संगीताचं माहेरून आलेलं पायमशीन खिडकीखाली होतं, त्यावर कुंड्या होत्या. मी कुंड्या उतरवल्या. पहिल्या चार शर्टांच्या बाजाराच्या पिशव्या झाल्या, त्या बऱ्या झाल्या. मग उत्साहात मी तीन शर्ट जोडून संगीतासाठी कुर्ता शिवला. ती म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नर्स आहे, माणसांना खरं सांगायची तिला सवय आहे. आरशात दोन्ही बाजूंनी बघून म्हणाली, "अहो, ह्यात मी फिटर दिसतेय. हातात फक्त पाना द्या."

तरी तो कुर्ता तिने घातला, आणि दवाखान्यातल्या दोघींनी "आम्हालाही पिशवी शिवून द्या" म्हटलं. कुर्ता कोणी मागितला नाही. धंदा असा सुरू झाला.

आता काम कसं चालतं ते सांगतो. पहिली गोष्ट, मी माणूस मोजत नाही, कपडा मोजतो. पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाने टेप घेऊन बायकांच्या भोवती फिरावं हे त्यांना अवघड आणि मला त्याहून अवघड. म्हणून मी सांगतो, तुम्हाला जो कपडा सगळ्यात नीट बसतो तो आणा. तो पलंगावर पसरतो, मोजतो आणि परत देतो. माणसं आपल्या मापाबद्दल खोटं बोलतात, कपडा बोलत नाही. दुसरी गोष्ट, जुना कपडा घेताना आधी काखा आणि मग मांड्या उजेडासमोर धरायच्या. कपडा तिथे विरतो. बाकी अंग धडधाकट असलं तर तिथलं कापून टाकता येतं. आणि तिसरी गोष्ट, शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो. चांगल्या कारखान्याची टीप ब्लेडने एकेक टाका करत उसवताना माणसाचा स्वभाव कळतो. माझा कळला आहे, त्याबद्दल संगीताला विचारावं.

मार्जिन ही आणखी एक बाब. मुलुंडच्या एक बाई दर दिवाळीनंतर येतात आणि तोच चॉकलेटी ड्रेस ढिला करून घेतात. उन्हाळ्यात येऊन तोच घट्ट करून घेतात. तीन वर्षं झाली. मी आता त्या ड्रेसला आतून दीड इंच कापड आणि नुसता कच्चा टाका ठेवतो. मागच्या उन्हाळ्यात म्हणाल्या, "या वेळी पक्की टीप मारा, आता मी कंट्रोल केलाय." मी मान हलवली आणि कच्चाच टाका घातला. दिवाळीनंतर मला मनातल्या मनात शाबासकी मिळाली.

एक नियम मात्र मी ठोकर खाऊन शिकलो. ज्या इमारतीचा कपडा, त्या इमारतीत विकायचा नाही. एकदा पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंना मी एक पिशवी विकली. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे जोशी भेटले. त्यांनी पिशवीकडे बघितलं, वाकून खिशाची झिप बघितली आणि म्हणाले, "ही माझी पँट आहे." त्यांच्या बायकोने ती बोहारणीला देऊन पातेलं घेतलं होतं आणि नवऱ्याला सांगितलं होतं, लाँड्रीवाल्याने हरवली. पुढचे पंधरा दिवस लाँड्रीवाला, जोशी, जोशीवहिनी आणि मी, चौघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

म्हणून ती पोपटी साडी मी इमारतीबाहेर काढली. पदराचं एक बिनबाह्यांचं जॅकेट केलं, पाठीवर तिन्ही कोयऱ्या बरोबर मधोमध. ते विक्रोळीच्या कांबळे मॅडमनी घेतलं. या मॅडम शाळेत गणित शिकवतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा सहा पांढरे कुर्ते घेऊन आल्या होत्या. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, घरच्या लग्नांना त्यांच्याकडे पांढरंच लागतं. म्हणाल्या, "पांढरा पांढराच राहिला पाहिजे, पण गेल्या वर्षीचाच आहे असं कुणाला वाटता कामा नये." मी एकाला निळी पाइपिंग, दुसऱ्याला लाकडी बटणं, तिसऱ्याच्या बाह्या अर्ध्या, असं करून दिलं. तेव्हापासून त्या माझ्या सगळ्यात पक्क्या गिऱ्हाईक. पैसे वेळेवर देतात आणि चूक असेल तर लाल पेनाने नव्हे, पण त्याच आवाजात दाखवतात.

त्या साडीच्या पुढच्या सव्वादोन मीटरचे लहान मुलींचे तीन परकर झाले. ते ठाण्याच्या एका प्रदर्शनात गेले. कोणी घेतले, देव जाणे. उरलं सव्वादोन मीटर अंग, ते कपाटात ठेवलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात परबवहिनी आल्या. या आमच्या समोरच्या दारातल्या. कणकवलीकडच्या, जिभेवर तिखट आणि हातावर गोड. त्यांच्या ऋतुजाचं लग्न बोरिवलीच्या पाटकरांच्या निनादशी ठरलं होतं आणि सोळा मार्चला आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये साखरपुडा होता. वहिनी एरवी दारातूनच हाक मारतात. त्या दिवशी आत आल्या, दार लावून घेतलं आणि खुर्ची असून स्टुलावर बसल्या.

"भाऊजी, ती मंजू तुमच्याकडे पण येते ना?"

"येते."

"तिच्याकडे आमची एक साडी गेलीय. चुकून."

"चुकून?" संगीताने आतून विचारलं.

"चुकून म्हणजे, दिली मीच. पण द्यायला नको होती."

मग सगळं बाहेर आलं. जानेवारीत बोलणी झाली तेव्हा विहीणबाईंनी, म्हणजे निनादच्या आईने, वहिनींना साडी दिली होती. वहिनींना तो रंग सोसत नाही. "ह्या रंगात मी कच्च्या कैरीसारखी दिसतंय," त्या म्हणाल्या. तेवढ्यात मंजूबेन आली, झाकणासकट पाच किलोचा डबा दाखवला. तांदळाला डबा हवाच होता. वहिनींनी साडी दिली आणि विसरून गेल्या. आणि काल रात्री निनादचा फोन आला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आई, फोटोवाल्याने थीम हिरवी सांगितलीय, दोन्ही आया हिरव्यात. तुम्ही उगाच नवीन घेऊ नका, माझ्या आईने दिलेली पोपटी आहेच तुमच्याकडे. तिला पण किती बरं वाटेल." वहिनींनी पदराने कपाळ पुसलं. "एवढा गुणाचा जावई नको होता हो मला. जरा आगाऊ चालला असता."

"रंग कसा होता?" मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

"पोपटी. मरून काठ. पदराला कोयऱ्या. भाऊजी, आहे काय तुमच्याकडे?"

"आहे."

"देवा रवळनाथा!"

"थोडी आहे."

"थोडी म्हणजे?"

"सव्वादोन मीटर."

वहिनी स्टुलावरून उठून खुर्चीत बसल्या. मग हळू आवाजात बोलल्या, आणि हळू आवाजात बोललेल्या परबवहिनी मी पंधरा वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

"माझं काय नाय हो. मला बोलले तर मी दोन देईन. पण पोरगी त्या घरात जायचीय. उद्या भांड्याला भांडं लागलं की पहिलं वाक्य काय असणार? तुझ्या आईने आमचा आहेर बोहारणीला घातला. जन्मभर ऐकावं लागेल तिला. आता माझा कसा होतला, सांगा."

दुकानातून तशीच दुसरी साडी आणावी हा विचार सगळ्यांना येतो, आम्हालाही आला. संगीताने मरून काठाचा पोपटी तुकडा घेऊन मुलुंडची तीन दुकानं पालथी घातली. एकाने सांगितलं, "ताई, हा रंग आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केला. चालत नव्हता."

मग एकच रस्ता उरला. आमच्या आईच्या पिढीत लुगडं मधे विरलं की धड असलेले दोन तुकडे जोडून नेसायचे. त्याला दांड घातलेलं लुगडं म्हणत. गरिबीची गोष्ट होती, कुणी मिरवत नसे, पण करत सगळ्याच. मी ठरवलं, साडीला दांड घालायचा. एक नाही, लागतील तेवढे.

इथे पुरुष वाचकांसाठी थोडं सांगतो, बायका हसतील. नेसलेली साडी सगळीच्या सगळी कधीच दिसत नाही. पहिला वेढा पुढच्या वेढ्याखाली झाकला जातो. मग निऱ्या, त्या समोर दिसतात. मग कमरेमागून येणारा दुसरा वेढा, तो पाठीमागून दिसतो. मग छातीवरून खांद्यावर जाणारा भाग आणि पदर, हे सगळ्यात जास्त दिसतात. शिवाय वरचा काठ निऱ्यांपाशी कमरेत खोचला जातो, तो कुणालाच दिसत नाही. म्हणजे माझ्याकडचं सव्वादोन मीटर निऱ्यांना आणि खांद्याला वाटून द्यायचं. दोन्ही वेढे दुसऱ्या साध्या पोपटी कापडाचे करायचे. निऱ्यांचा वरचा काठ कापून तो मागच्या वेढ्याला खाली लावायचा. आणि पदर, म्हणजे कांबळे मॅडमचं जॅकेट, परत मिळवायचं.

मी विक्रोळीला गेलो. मॅडम पेपर तपासत होत्या आणि जॅकेट अंगातच होतं. मी नाव न घेता सगळी हकिकत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुमच्या शेजारणीची इज्जत माझ्या पाठीवर आहे म्हणायची."

"तिन्ही कोयऱ्यांसकट."

"मी का देऊ? मला शोभतंय. शाळेत चार जणींनी विचारलं."

"पैसे परत देतो."

"पैसे नकोत. दुसरं जॅकेट. याच्यापेक्षा बरं. खिसे दोन बाहेर, एक आत. मोबाइल आडवा नाही, उभा मावला पाहिजे."

"मान्य."

"आणि साखरपुड्याचा फोटो दाखवायचा. माझं जॅकेट कसं दिसतंय ते मला बघायचंय." जॅकेट काढून घडी घालताना त्यांनी पाठीची शिवण बोटाने चाचपली. "हे परत सरळ होणार? बगलेला तुम्ही गोल कापलंय. ती कापलेली चंद्रकोर कुठून आणणार?"

ती माझ्याकडे होती. सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस चिंधी टाकत नाही. रंगवार पिशव्या आहेत माझ्या, पलंगाखाली. संगीता त्यांना माझी दुसरी बायको म्हणते. हिरव्या पिशवीत दोन्ही चंद्रकोरी, गळ्याचा तुकडाही मिळाला.

साधं पोपटी कापड मंजूबेनने शोधलं. कुठल्याशा भजनी मंडळाच्या गणवेशाची साडी होती, काठ नाही, नक्षी नाही, रंग मात्र अगदी उन्नीस-बीस.

"दोनशे," ती म्हणाली.

"कोयरीची एकशे वीसला दिलीस आणि ही साधी दोनशेला?"

"शेठ, तवा तुमाला घाई नव्हती. अर्जंटचा भाव येगळा."

दीडशेला तुटलं. हा भाव योग्य होता, हे मी तिच्यासमोर मान्य केलं नाही.

त्यानंतरचे दिवस उसवण्यात आणि जोडण्यात गेले. पदराला एकूण पाच जोड आले. प्रत्येक जोड अशा जागी घेतला की पदराच्या बारीक चुण्या करून खांद्यावर पिन लावली की तो चुणीच्या आत जावा. चंद्रकोरी बसवताना दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा उसवताना मी काहीतरी बोललो असणार, कारण संगीताने मशीनवरचा दिवा बंद केला आणि जेवायला बसवलं.

साखरपुड्याच्या दोन दिवस आधी आमच्या बाहेरच्या खोलीत रंगीत तालीम झाली. ऋतुजाला तोवर सांगावंच लागलं होतं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मम्मी, तू पण ना यार! पाच किलोच्या डब्यात माझं लग्न घातलंस." संगीता साडी नेसवत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून सूचना देत होतो.

"पहिला वेढा घट्ट घे."

"घेतला."

"निऱ्या सात. आठवी घेऊ नकोस, तिथे जोड आहे."

"अहो, तुम्हाला मागे डोळे आहेत का?"

"मागे नाहीत. हातात आहेत."

मग मला वळायची परवानगी मिळाली. समोरून साडी झकास दिसत होती. मी खोटं सांगत नाही, कोऱ्या साडीपेक्षा अंगावर बरी बसली होती. वहिनी वळल्या आणि मागून बघितल्यावर कळलं की भजनी मंडळाचं कापड उजेडात जरा फिकट मारतंय.

"पाठ फिरवायची नाही," मी म्हटलं. "विहिणीकडे तोंड. बसताना भिंतीकडे पाठ. जेवायच्या पंगतीत कोपरा."

"आणि चालताना?"

"मागे संगीता."

सोळा मार्चला हॉलमध्ये संगीता वहिनींच्या मागे अशी उभी होती की दोघातिघांनी विचारलं, वहिनींची तब्येत बरी नाही का, नर्स ठेवलीय. मी खिशात सुई, पोपटी दोरा आणि चार सेफ्टी पिना घेऊन खांबाशी उभा होतो. पाटकरबाई आल्या. ठेंगण्या, नीटस, गडद हिरव्या साडीत, चष्म्याला साखळी. वहिनींना बघून म्हणाल्या, "छान दिसतेय हो." एवढंच. निनाद मात्र खुलला. "बघ आई, म्हटलं नव्हतं तुला!" तो पुनःपुन्हा सांगत होता आणि वहिनी कैरीपेक्षा हिरव्या होत होत्या.

अंगठ्या झाल्या, पेढे झाले, ओटी झाली. सगळं समोरासमोर. मी जरासा सैल झालो होतो. तेवढ्यात फोटोवाल्याने दोन्ही आयांना बोलावलं.

"आँटी, जरा क्लोज. एकमेकींच्या कमरेभोवती हात. हां. स्माइल."

संगीताला बाजूला व्हावं लागलं. पाटकरबाईंचा हात वहिनींच्या कमरेमागे गेला, बरोबर जिथे मी साधं कापड आणि मूळ कापड जोडलं होतं तिथे. हात थांबला. मग दोन बोटं शिवणीवरून खाली गेली आणि वर आली. कापडाची सवय असलेल्या बाईचीच बोटं तशी चालतात. फोटो निघाला. त्या फोटोत पाटकरबाई हसतायत आणि परबवहिनींचे डोळे मिटलेले आहेत.

"जरा आत येता?" पाटकरबाई म्हणाल्या. हॉलच्या मागच्या खोलीत वाढपी मंडळींची पातेली होती. पाटकरबाईंच्या मागून वहिनी, वहिनींच्या मागे संगीता, आणि मला कोणी बोलावलं नसताना मी.

पाटकरबाईंनी चष्मा लावला, वहिनींना खांद्याला धरून वळवलं आणि मागून नीट बघितलं.

"ही साडी मधून जोडलेली आहे."

बाहेर निनाद कुणालातरी मोठ्याने गुलाबजाम वाढायचा आग्रह करत होता. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी पातेल्याकडे बघितलं. मग त्या एकदम सरळ उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, खरं सांगते. पोरीला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, तिला कधी बोल लावू नका. साडी मी बोहारणीला दिली. ह्या भाऊजींनी ती कापली. मग जोडली. चूक माझी एकटीची."

"बोहारणीला दिली?"

"दिली."

"कशावर?"

वहिनींना प्रश्न कळायला वेळ लागला. "डब्यावर. पाच किलोच्या."

"झाकणासकट?"

"झाकणासकट."

पाटकरबाई पातेल्याच्या कडेला टेकल्या. चष्मा काढला, तो साखळीवर खाली लोंबला.

"झाकणासकट पाच किलो," त्या म्हणाल्या. "आणि मला बोरिवलीत आमची बोहारीण हिच्यावर नुसती परात देत होती मेली. तीही पत्र्यासारखी पातळ. तासभर घासाघीस केली, एक चमचा वाढवायला तयार नाही. शेवटी म्हटलं जाऊ दे, बोलण्यांच्या आहेरात जाईल. माझ्या नणंदेने दिलेली हो ती. हा काय रंग आहे? माणसं ह्यात काविळीसारखी दिसतात."

"मी कैरी म्हणाले होते," वहिनी पुटपुटल्या.

"कैरी बरी."

दोघी एकमेकींकडे बघत होत्या. आधी वहिनींचा खांदा हलला, मग पाटकरबाईंचा, आणि मग दोघी अशा हसल्या की खांद्यावरची पिन तुटली आणि पाच जोडांचा पदर उलगडून खाली आला. पाटकरबाईंनी तो उचलला, उजेडाकडे धरला आणि चंद्रकोरीच्या जागी बोट ठेवलं.

"हे काय होतं इथे?"

"बगल," मी म्हणालो. "जॅकेटची."

"कोणी घातलं होतं?"

"विक्रोळीच्या एका बाईंनी. गणित शिकवतात. त्यांना फोटो दाखवायचाय."

"मग चांगला काढायला हवा. मघाच्यात तुमचे डोळे मिटलेत," त्या वहिनींना म्हणाल्या. मी खिशातून पिना काढून दिल्या. पाटकरबाईंनी स्वतः चुण्या करून पदर लावला, माझ्यापेक्षा सुबक. बाहेर जाता जाता त्या थांबल्या.

"निनादला कळता कामा नये. त्याला वाटतं मी दादरला तीन दुकानं फिरून घेतली."

"असं कोणी सांगितलं त्याला?" वहिनींनी विचारलं.

"मीच," पाटकरबाई म्हणाल्या.

निनादला पुढे ऋतुजाने सांगितलंच, लग्नानंतर आठवड्याच्या आत. तो दोन्ही आयांवर एक दिवस रुसला. कुणावर आधी रुसावं हे ठरेना म्हणून तेवढ्यावरच भागलं, असं ऋतुजा सांगते. वहिनींना जी भीती होती ते वाक्य त्या घरात अजून कोणी उच्चारलेलं नाही. उच्चारायला आता कोणाला तोंडच नाही. दोन्हीकडची नावं बदलून हे लिहायची परवानगी दोघींनी दिली आहे.

हिशेब असा. साधं कापड दीडशे. दोरा, पिना आणि मुलुंडला जाण्यायेण्याची रिक्षा मिळून एकशे दहा. कांबळे मॅडमच्या नव्या जॅकेटचं कापड एकशे चाळीस. मोबाइल उभा मावतो. शिलाई मी लावली नाही, कारण कात्री माझीच होती. एकूण चारशे. हॉलमध्येच परबवहिनी पर्स उघडत होत्या, पण पाटकरबाईंनी त्यांचा हात धरला. "तुम्ही डबा घेतलात, तेवढं पुरे," म्हणाल्या. चारशे रुपये पाटकरबाईंनी दिले, त्यातले साध्या साडीचे उधार राहिलेले दीडशे मी दुसऱ्या दिवशी जिन्यात मंजूबेनला दिले. ते तिने मोजून कमरेला लावले.